जुनी रोड सायकल घेताय? आधी सीटचा दांडा बाहेर काढा

रविवारी सकाळी आमच्या पडवीसमोर गाडी थांबते आणि डिकीतून एक जुनी रोड सायकल उतरते. आणणाऱ्याचं वय पंचेचाळीसच्या पुढे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं. "कॉलेजात असताना रोज वीस किलोमीटर मारायचो" हे वाक्य चहा येण्याआधीच येतं. सायकल आदल्याच दिवशी घेतलेली असते आणि प्रश्नही ठरलेला: "काका, जरा बघून सांगा ना, कशी आहे?" अहो, लग्न लागल्यावर पत्रिका काढून काय उपयोग?

मी मेकॅनिक नाही. रत्नागिरीत राहतो, वीसेक वर्षं सायकल चालवतोय, आणि स्वतः इतक्या चुका केल्यात की दुसऱ्याची चूक लांबूनच ओळखू येते. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे निदान काही रविवार तरी मोकळे मिळतील.

रंगावर जाऊ नका

आपल्याकडची सायकल बाहेरून सडत नाही, आतून सडते. किनाऱ्याची खारी हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. मालक रोज फडकं मारत असेल, तर सायकल आरशासारखी दिसते आणि तरीही आत जे व्हायचं ते होतच असतं.

बारा वर्षांपूर्वी मी अशीच एक घेतली. स्टीलची फ्रेम, गडद निळा रंग, मालक समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारे सज्जन गृहस्थ. सीट मला तीन बोटं खाली पडत होती. म्हटलं, घरी नेऊन वर करू. त्या "घरी नेऊन" मध्ये माझा दीड महिना गेला.

सीटचा दांडा आवळणारा क्लॅम्प सोडला, दांडा हलेना. पिळला तर सीटच फिरली, दांडा जागच्या जागी. झालं होतं ते असं: फ्रेमची नळी स्टीलची, आतला दांडा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. पाचर ठोकल्यासारखा दांडा रुतून बसतो. हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी रोज संध्याकाळी भक्तिभावाने तेल सोडत होतो.

मग एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने गॅसची ज्योत लावली. निळ्या रंगाला फोड आले, तो काळा पडला, आणि दांडा आणखी घट्ट झाला. होणारच. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. उपाय याच्या उलटा हवा होता. मग मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणला, सीट काढून तो दांड्याच्या पोकळीत ठासून भरला, दोघांनी फ्रेम धरली आणि तिसऱ्याने पाइपपाना लावला. दांडा पाव फेरा फिरला आणि कटकन तुटला. राहिलेला तुकडा हॅक्सॉच्या पात्याला चिंधी गुंडाळून आतून उभा चिरून काढला. दोन संध्याकाळी, आठ बोटांना पट्ट्या, आणि आठवडाभर सायकलला बांगड्याचा वास. बायको एवढंच म्हणाली, "नवीन केवढ्याला येते?"

तेव्हापासून सायकल बघायला जाताना माझ्या खिशात पाच नंबरची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाचा पाना, असते. मालकासमोरच क्लॅम्प सोडायचा आणि दांडा पूर्ण बाहेर काढायचा. नुसता हलवून बघणं पुरत नाही. मग सायकल उलटी करायची. नळीतून गंजाचे पापुद्रे किंवा तांबडं पाणी पडलं तर चहाही न घेता निघायचं. जुन्या सायकलींचा हँडलचा स्टेमही, म्हणजे हँडल धरणारा दांडा, असाच आत उतरलेला असतो: वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, त्याच्यावर लाकडी हातोडीची एक टपली मारा, स्टेम सुटायला हवा. मालक म्हणाला, "थोडं तेल सोडलं की निघेल हो," तर त्याला म्हणा, मग तुम्हीच सोडा, मी पुढच्या रविवारी येतो.

घेतल्यावरचं पथ्य सोपं आहे. वर्षातून दोनदा, मृग लागायच्या आधी आणि दसऱ्याला, दांडा बाहेर काढायचा, पुसायचा, ग्रीस लावून परत घालायचा. दसऱ्याला सायकलला झेंडूची माळ घालणारे पुष्कळ दिसतात, ग्रीस लावणारे मोजकेच.

कॉलेजातले गुडघे आता नाहीत

जुन्या रोड सायकली शर्यतीच्या धाटणीच्या. पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठं दातेरी चाक २४ दात्यांचं. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पावणेदोन फेरे घेणार. सपाटीवर उत्तम. पण कोकणात सपाटी आहे कुठे? खाडी आली की उतार, पूल संपला की चढ. माझ्या एका मित्राने अशी सायकल घेतली आणि तिसऱ्याच दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघाला. समुद्र दिसतो म्हणून तो रस्ता सगळ्यांना आवडतो, चढ लक्षात राहत नाहीत. तिथल्या एका चढावर तो उभा राहून पॅडल मारत होता, मग उतरून ढकलत होता, आणि पुढचे दोन महिने गुडघ्याला पट्टा बांधून बँकेत जात होता. सायकल अजून त्याच्या जिन्याखाली आहे.

पुढे ५०/३४ आणि मागे २८ किंवा ३२ मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या. ३४ला ३२ म्हणजे एका पॅडलला चाकाचा जेमतेम एक फेरा, श्वास लागतो पण गुडघे वाचतात. जुनीच घ्यायची असेल तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चाकांचा गठ्ठा, आट्यांवर बसणारं आहे का ते बघा. तसं असेल तर १४-२८चं फ्रीव्हील आपल्याकडच्या साध्या गिअरच्या सायकलींनाही असतं, ते मिळतं आणि महाग नसतं. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर टाकणारा मागचा डिरेलर आखूड असेल तर २८च्या पुढे जाण्याचा हट्ट धरू नका. "सवय झाली की जमेल" असं विकणारा म्हणतो. त्याचं काय जातं, चढ तुम्हाला चढायचाय.

ब्रेक

सोबत एक लोहचुंबक न्या आणि रिमला लावा. चिकटला तर रिम स्टीलची. क्रोमचा चकचकाट बघून लोक भुलतात, पण ओल्या स्टीलच्या रिमवर रबर नुसतं घसरतं. जुलैत उतारावर समोर म्हैस आली की हे कळतं. ॲल्युमिनियमची रिम असेल तर ब्रेक घासतो त्या पट्टीवर बोट फिरवा. खोलगट लागली तर चाक संपलंय. ब्रेकची रबरं नखाने दाबली जात नसतील तर किंमत ठरवायच्या आधीच त्यांचे पैसे वजा करा.

टायरचा घोळ

रोड सायकलचं ७००×२८ वेगळं आणि आपल्या दूधवाल्याच्या मोठ्या सायकलचं २८×१½ वेगळं. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसतं "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणालात की मोठ्या सायकलचा हातात पडतो, आणि तो बसता बसत नाही. त्यात जुन्या परदेशी सायकलींना २७ इंची चाकं असतात. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात शेवटचे तीन आकडे वाचा: ६२२ म्हणजे ७००सी, ६३० म्हणजे २७ इंची, ६३५ म्हणजे मोठी सायकल. ६३० असेल तर टायर शोधत फिरावं लागेल, हे धरूनच भाव करा. आणि जांभ्याच्या खडीवर २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा फुगवून चालवण्यात काही शौर्य नाही. फ्रेममध्ये २८ मावतो का ते बघा.

बाकीचं थोडक्यात. चेनच्या बारा जोड्या मोजा (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक जोडी), बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेनबरोबर मागची दातेरी चाकंही गेली असं समजा. ब्रेकमध्येच गिअर असलेले जुने लिव्हर पोकळ खटखटत असतील तर बहुधा आतलं ग्रीस वाळलंय, डीग्रीजर मारून शंभरदा दाबले तर पुष्कळदा जिवंत होतात. फ्रेमच्या खालच्या नळीवरचे साधे गिअरचे लिव्हर मला तरी जास्त आवडतात, त्यात बिघडायला काही नसतं. कार्बनची जुनी फ्रेम अनोळखी माणसाकडून मी घेत नाही, बास. फोटो बघून टोकन पाठवू नका. उंची जुळत नसेल तर स्वस्त मिळाली तरी सोडा.

पहिल्याच रविवारी चाळीस किलोमीटर मारून फोटो टाकायची घाई असते, ती आवरा. पहिले तीन आठवडे मांडवी किंवा भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन परत या. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, मला नको.

आणि कृपा करून चेनला खोबरेल लावू नका. दर वर्षी कुणीतरी लावतोच, घरचं आहे म्हणून. त्यावर लाल धूळ बसून मळी होते, आणि जानेवारीच्या थंड सकाळी ते बाटलीत गोठतं तसं चेनवरही गोठतं. चेनचंच तेल आणा, प्रत्येक जोडावर एक थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग वरचं सगळं पुसून काढा. पुसायचा कंटाळा येतो म्हणूनच तर तुमच्या उजव्या पँटवर तो काळा पट्टा आहे.