कबुतराच्या पंखाला हात लावताय? या चुका टाळा

नवं कबुतर घरी आलं की ते उडून जाऊ नये म्हणून पहिल्याच संध्याकाळी पंख कापायला कात्री निघते. कोल्हापुरात पेठापेठांतल्या गच्च्यांवर ढाबळी, म्हणजे कबुतरांची खुराडी आहेत, नाद जुना आहे, तरी ही खोड जात नाही.

आधी पिसं मोजायला शिका. पंखाच्या टोकाकडची दहा लांब पिसं पक्ष्याला पुढे ढकलतात. कोपराकडची त्याला हवेत तोलतात. या दहांतलं सगळ्यात आतलं ते पहिलं, टोकाचं दहावं. झड, म्हणजे जुनं पीस गळून नवं येणं, त्याच क्रमाने होते, दोन्ही पंखांत साधारण जोडीने. सगळी दहा बदलायला सहाएक महिने जातात.

कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याची दांडी मेलेली असते. ते झडेल तेव्हाच नवं येणार. झड उरकल्यावर दहावं पीस कापलंत, तर पुढच्या झडीच्या शेवटापर्यंत थांबा. एकाच पंखाची कापली तर पक्षी तिरका पडतो, छातीचं हाड आपटतं.

मग घाईचे लोक उपटतात. "महिन्यात नवं येतंय की!" येतं, पण कसं? पिसाचं मूळ हाडापर्यंत घट्ट बांधलेलं असतं. हिसका दिला की खळगा फाटतो आणि पुढचं पीस वाकडं, पांढरं येतं किंवा येतच नाही. एका ढाबळीत शर्यतीच्या नराची आठवं, नववं, दहावं अशी तीन पिसं एका दिवसात उपटली. एरवी नव्या पिसाच्या कोंबाला शेजारच्या जुन्या पिसाचा आधार असतो, इथे शेजारी कुणीच नव्हतं. तीन आठवड्यांनी दहाव्याचा कोंब जाळीवर आपटून मोडला. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त वाहतं. सकाळी फळी लाल झालेली. मालकाने घाबरून उरलेलंही ओढलं. आता तिथे दहावं पीस निम्म्याच लांबीचं येतं.

कोंब मोडला तर पक्षी कापडात गुंडाळा, कापसाने पाच मिनिटं दाबून धरा, मधेच उघडून बघू नका. टोकाला कॉर्नफ्लोअर लावा. तरी रक्त थांबलं नाही तर थेट पशुवैद्याकडे. चिमटा त्यांच्याच हातात शोभतो.

वाकलेलं, पण न मोडलेलं पीस कात्रीने "साफ" करू नका. गरम पाण्यात बुडवलेल्या कापसाने वाक शेकून बोटांनी सरळ करा. किटलीची वाफ नको, कातडी भाजते.

साबणाने आंघोळ घालू नका. परातीत चार बोटं साधं पाणी ठेवा, बाकीचं ते बघून घेतं.

झडीत नुसत्या मक्यावर ठेवू नका, पीस प्रथिनांचं बनतं. मका-ज्वारी दोन वाटे, हरभरा-वाटाणा-मसूर एक वाटा, वर मूठभर करडई. उपासमार किंवा आजारपण झालं की पिसावर आडवी रेघ उमटते आणि पुढे पीस तिथेच मोडतं.

नवा पक्षी थोपवायचा असेल तर गच्ची दिसेल अशा जाळीत दोन-तीन आठवडे ठेवा. जुनं उडतं कबुतर तरीही मूळ घरी पळेल. त्याला जोडीला लावा आणि त्याच्याऐवजी त्याची पिल्लं उडवा.

नववं-दहावं वाढत असताना उंच उडवू नका. दहाव्याच्या बुडाची निळसर नळी सुकून पापुद्रा गळाला की मगच दार उघडा.