पेन्शनचा किती पैसा शेअर बाजारात आहे, हे कसं तपासावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत लागलेले शिक्षक, निपाणीच्या विडी कामगार महिला, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबणारे कामगार, अशा अनेकांच्या म्हातारपणाच्या पैशातला काही भाग शेअर बाजारात जातो. बाजार वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो पडला की तोटा कोणाच्या खिशातून जाणार, हे नोकरीत असतानाच माहीत हवं. निवृत्तीच्या महिन्यात कळून काहीच हाती लागत नाही.

१. आधी आपलं खातं ओळखा

कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे बाजाराशी जोडलेली राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. शिनोळी-चंदगडकडे महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आपल्या पाहुण्यांसाठी ती तारीख १ नोव्हेंबर २००५. जुन्या पेन्शनमध्ये बाजाराची जोखीम सरकारवर असते, एनपीएसमध्ये ती पूर्णपणे तुमच्यावर येते. भरतीची जाहिरात एप्रिल २००६ च्या आधीची आणि रुजू नंतर, असं असेल तर जानेवारी २०२४ चा सरकारी आदेश बघा. अशा कर्मचाऱ्यांना त्यात जुन्या पेन्शनचा विकल्प दिला होता. त्याला मुदत होती, त्यामुळे तुम्ही विकल्प दिला होता का आणि त्याची नोंद सेवा पुस्तकात झाली का, हे तपासा.

कारखान्यातल्यांचा पीएफ वेगळा. तो सांभाळणारी ईपीएफओ ही सरकारी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमेचा काही भाग ईटीएफमधून (शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांतून) शेअरमध्ये घालते. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, पुढे वाटा १५ टक्क्यांपर्यंत गेला. पण पासबुकात रोजची चढउतार दिसत नाही. वर्षाला व्याजदर जाहीर होतो, २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता. बाजार पडला म्हणून तुमची मुद्दल घटत नाही, झळ बसलीच तर पुढच्या व्याजदराला बसेल. त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः एनपीएसवाल्यांसाठी.

२. स्टेटमेंट उघडा

प्रान नंबर (तुमच्या एनपीएस खात्याचा कायमचा क्रमांक) टाकून ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट डाउनलोड करा. स्वतः काही निवडलं नसेल तर बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांना एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय अशा तीन पेन्शन फंडांच्या ओळी दिसतील. प्रत्येकीपुढे युनिट (फंडातले तुमचे हिस्से) आणि एनएव्ही (एका युनिटची किंमत). दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या फंडातली आजची रक्कम. या सरकारी योजनेत शेअरची मर्यादा बरीच वर्षं १५ टक्के होती. मर्यादा पीएफआरडीए, म्हणजे पेन्शन फंडांवरची सरकारी नियामक संस्था, बदलू शकते, म्हणून चालू आकडा आणि प्रत्यक्ष वाटा त्या-त्या फंडाच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट बघा, आणि ही मला बाजाराइतकीच महत्त्वाची वाटते. पगारपत्रकात कापलेली रक्कम आणि सरकारचा हिस्सा, दोन्ही दर महिन्याला जमा झालेत का? एखादा महिना रिकामा दिसला तर डीडीओंकडे (तुमचा पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

३. पडझड रुपयांत मोजा

टक्क्यांनी माणूस घाबरत नाही, रुपयांनी घाबरतो. समजा ४० लाख जमलेत आणि बाजार ४० टक्के पडला. शेअरचा वाटा १५ टक्के असेल तर ६ लाखांतले २ लाख ४० हजार गेले. वाटा ५० टक्के असेल तर ८ लाख.

४० टक्के हा आकडा उगाच घेतलेला नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात होता. २०२० मध्ये जानेवारीतल्या ४२ हजारांवरून २३ मार्चला तो २६ हजारांखाली आला. दोन्ही वेळा बाजार सावरला, हे खरं. पण जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरच्या उच्चांकापर्यंत परत पोचला तो थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. ‘दीर्घ मुदतीत सगळं भरून निघतं’ असं सांगणाऱ्या एजंटला हे जरूर विचारा.

रोखेही निर्धोक नसतात. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने पैसे थकवले, तेव्हा उत्तम पतमानांकन पाहून घेतलेल्या तिच्या रोख्यांत पेन्शन फंडांचेही पैसे अडकले.

४. उरलेली वर्षं मोजा

कर्नाटकात निवृत्ती ६० व्या वर्षी, महाराष्ट्रात बहुतेकांची ५८ व्या. पंचविशीतल्या शिक्षिकेला पडझड परवडते, कारण ती पुढे कित्येक वर्षं स्वस्तात युनिट घेत राहते. ५७ वर्षांच्या मुख्याध्यापकांना तेवढा वेळ नाही. म्हणूनच एनपीएसमधल्या एलसी-५० या गुंतवणुकीच्या पर्यायात ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के असलेला शेअरचा वाटा दरवर्षी घटत ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर येतो; एलसी-२५ मध्ये २५ वरून ५ वर. असा विकल्प तुमच्या खात्याला लागू आहे का, हे लेखी विचारा. माझं मत स्पष्ट आहे: निवृत्तीला पाच वर्षं उरली असतील, तर जास्त परताव्याच्या मोहाने शेअरचा वाटा वाढवू नका.

५. महिन्याला हाती काय येईल?

सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीवेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून दरमहा ठरलेली रक्कम देणारी योजना) घ्यावी लागते. ४० लाखांतले १६ लाख, दर ६ टक्के धरला तर महिन्याला ८ हजार. त्यावर महागाई भत्ता नाही. नेमकी त्याच वर्षी पडझड झाली तर मूळ रक्कमच कमी, आणि तिची ॲन्युइटी घेतली की ती घट जन्मभरासाठी. उरलेला एकरकमी मिळणारा भाग आणि ॲन्युइटी काही काळ पुढे ढकलण्याची सोय आहे. मात्र तोवर घर चालवायला हाताशी पैसे हवेत. त्यासाठी निदान दोन वर्षांचा घरखर्च पोस्टात किंवा बँकेच्या ठेवीत वेगळा ठेवा आणि त्याची जमवाजमव निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीपासून करा.