विंडोज १० वरून ११ वर कसे जावे: आधीची तयारी आणि नंतरचे दहा दिवस

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही आणि पुढेही केवळ या कारणाने पडणार नाही. परंतु सुरक्षेच्या नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवरची दुरुस्ती आता आपोआप येत नाही, आणि ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. म्हणून अनेकांनी विंडोज ११ घेतले, आणि त्यापाठोपाठ ठरावीक तक्रारी सुरू झाल्या: प्रिंटर चालेना, मराठी मजकूर वाचता येईना, डेस्कटॉपवरच्या फाइल्स दिसेनात, संगणक जड झाला, निळ्या पडद्यावर कसलासा आकडा मागतो. या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र त्यांतील बऱ्याचशा अपग्रेडचे बटण दाबण्यापूर्वी अर्धा दिवस दिला तर टळतात, आणि उरलेल्या पहिल्या दहा दिवसांत निस्तरता येतात. दहा दिवस अशासाठी, की परत विंडोज १० वर जाण्याची सोय साधारणपणे तेवढेच दिवस असते.

आधी संगणक पात्र आहे का ते पाहावे

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवले की संगणक विंडोज ११ साठी चालेल की नाही आणि चालणार नसेल तर कशामुळे, हे कळते. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी मूळ प्रणाली) व सिक्युअर बूटची (सुरू होताना खात्रीचीच प्रणाली चालू देणारी) सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर अशा मुख्य अटी आहेत. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर यादीत बसतात. ४ जीबी रॅम नियमात बसत असली तरी रोजच्या कामाला ती अपुरी पडते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जलद साठवण) नसेल, तर आधी तो खर्च करावा आणि मगच अपग्रेडचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘टीपीएम नाही’ असा निकाल आला म्हणून लगेच नवा संगणक घेण्याची गरज नाही. अनेक डेस्कटॉपमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती पीटीटी आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. याउलट संगणक जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत असेल, तर बायोसमध्ये नुसता यूईएफआयचा पर्याय निवडल्यास विंडोज सुरूच होणार नाही, कारण डिस्कची रचनाही एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीवर न्यावी लागते. हे काम जाणकाराकडूनच, आणि बॅकअप घेतल्यानंतरच, करून घ्यावे.

प्रोसेसरच यादीत नसेल, तर अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ भेटतील. अशा संगणकांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून हिशेबाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर हा मार्ग धरू नये. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. तेवढ्या काळात नव्या यंत्राची सोय करणे किंवा लिनक्सकडे वळणे हेच शहाणपणाचे.

रिकव्हरी की कोणाच्या खात्यात आहे?

बहुतेक लोक हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूटशी संबंधित काही बदल झाला, की संगणक सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. हा अंक नसेल तर डिस्कवरचा मजकूर कोणालाही परत मिळवता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही.

ही की साधारणपणे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले त्यात साठवली जाते. आपल्याकडे लॅपटॉप घेतला की दुकानातला मुलगाच तो ‘चालू करून’ देतो, आणि घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. म्हणजे तुमच्या घरातल्या फोटोंची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पडून असते. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज उघडून ‘अकाउंट्स’मधील ‘युअर इन्फो’ पाहावे. तिथे तुमचाच ईमेल आहे ना, याची खात्री करावी. अनोळखी ईमेल दिसला तर अपग्रेड तिथेच थांबवावे, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हा पर्याय दिसत असल्यास ते बंद करून डिस्क पूर्ण खुली होऊ द्यावी, आणि मग स्वतःचे खाते जोडावे. ईमेल तुमचाच असेल तर ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन, आपल्या उपकरणाखाली दिसणारी की कागदावर उतरवून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवावी. त्याच संगणकावर ती जतन करून ठेवण्याचा काहीच उपयोग नाही.

त्याच वेळी ‘ॲक्टिव्हेशन’ही पाहून घ्यावे. विंडोज १० अधिकृतपणे ॲक्टिव्हेट असेल, तर ११ साठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी मागत असेल तर तो त्याच्या श्रमाचा मोबदला आहे, परवान्याचा नव्हे.

बॅकअप, फॉन्ट आणि जुने प्रोग्रॅम

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या दोनचार फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळ्यांना आठवतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र बहुधा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, म्हणून त्या सॉफ्टवेअरमधूनच त्याचा बॅकअप काढावा.

मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्टकडे विशेष लक्ष द्यावे. श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, नसतो. फॉन्ट नसला की पत्रिका, ठराव, इतिवृत्ते ही सगळी अर्थहीन रोमन अक्षरांच्या रूपात दिसू लागतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, फक्त त्याला रूप देणारा फॉन्ट हरवलेला असतो. नेहमीच्या अपग्रेडमध्ये फॉन्ट टिकतात, पण संगणक फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकल्यास जातात. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून आपण वापरतो ते सर्व फॉन्ट आधीच बाहेर काढून ठेवावेत. गूगलचे संगणकावर बसवायचे जुने मराठी इनपुट टूल वापरणाऱ्यांनी त्याची इन्स्टॉलर फाइलही जपावी, कारण त्याचे अधिकृत डाउनलोड बंद झालेले आहे.

विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते. तुमचे विंडोज १० ३२ बिटचे असेल तर थेट अपग्रेड होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावे लागते. आणि डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम, जे ३२ बिट विंडोजवर कसेबसे चालत होते, ते ११ वर थेट चालत नाहीत. ज्या संस्थेचा जुना हिशेब अजून अशा प्रोग्रॅममध्ये आहे, तिने तो डेटा बाहेर काढल्याशिवाय किंवा डॉसचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या सोयीवर चालवून पाहिल्याशिवाय तो संगणक बदलू नये.

शेवटी, संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी: प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचे टोकन, आधारसाठीचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बारकोड वाचक. प्रत्येकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर विंडोज ११ चे ड्रायव्हर (ती वस्तू चालवणारे सॉफ्टवेअर) आहेत का ते पाहून, असतील तर आधीच उतरवून ठेवावेत. विवरणपत्र भरण्याच्या किंवा निविदेच्या अखेरच्या आठवड्यात तर अपग्रेडला हातच लावू नये.

प्रत्यक्ष अपग्रेड

हा भाग सर्वांत सोपा आहे. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मध्ये विंडोज ११ चा पर्याय दिसत असेल तर तोच घ्यावा, दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ वापरावे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, डेस्कटॉपला शक्यतो यूपीएस असावा, आणि भारनियमनाची वेळ माहीत असेल तर ती टाळावी. सी ड्राइव्हवर निदान तीस जीबी जागा मोकळी ठेवावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करायचे असल्यास अनेक जीबींचे डाउनलोड होणार आहे हे गृहीत धरावे. मधे संगणक दोनतीनदा आपोआप बंद होऊन सुरू होतो आणि टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. घाबरून बटण दाबून तो बंद करू नये.

पहिले दहा दिवस

विंडोज ११ सुरू झाले की सजावटीत रमण्याआधी कामाच्या वस्तू तपासाव्यात. यादीतली प्रत्येक वस्तू जोडून एक पान छापावे, एक कागद स्कॅन करावा, टोकन लावून प्रमाणपत्र दिसते का पाहावे, बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर एकदा लॉगिन करावे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणारी काही संकेतस्थळे असतील, तर विंडोज ११ मध्ये तो ब्राउझर नाही. एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ सुरू करून ती उघडावीत.

डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइल्स गेल्या असे समजू नये. बहुतेक वेळा सुरुवातीच्या प्रश्नांना ‘नेक्स्ट’ म्हणता म्हणता वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा, बॅकअप सुरू झालेला असतो, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरखाली सरकलेले असतात. तिथे मोफत जागा ५ जीबीच असल्याने लवकरच ‘जागा भरली’ असे इशारेही येऊ लागतात. वनड्राइव्हच्या ढगाच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जाऊन ‘मॅनेज बॅकअप’ बंद करावा, मग फाइल्स हाताने आपल्या मूळ फोल्डरमध्ये आणाव्यात. जागा करण्यासाठी वनड्राइव्हमधून काही पुसण्याआधी ती फाइल संगणकावर खरोखर आली आहे का हे नक्की पाहावे, कारण जोडणी चालू असताना तिथले पुसलेले इथूनही जाते.

मराठीसाठी ‘टाइम अँड लँग्वेज’ मधील ‘लँग्वेज अँड रीजन’ येथे मराठी भाषा जोडावी आणि तिच्या पर्यायांतून आपला कीबोर्ड, म्हणजे इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, निवडावा. नको असलेले कीबोर्ड काढून टाकले म्हणजे विंडोज व स्पेस ही कळ दाबताना भलताच कीबोर्ड येत नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट दिसत नसतील, तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावेत. मग वर्डमध्ये ‘बाळ’, ‘दऱ्या’, ‘सूर्य’, ‘शेतकऱ्यांच्या’ असे शब्द टंकून छापून पाहावेत. इनस्क्रिप्टवर ळ साठी शिफ्ट व एन, तर ऱ्या मधल्या र साठी शिफ्ट व जे दाबून पुढे हलन्त आणि य येतो. फोनेटिकवाल्यांनी सुचवलेल्या शब्दांत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगवेगळे मिळतात का ते पाहावे. पडद्यावर नीट दिसणारा शब्द छापताना तुटतो असेही होते, म्हणून कागदावरची तपासणी टाळू नये.

दुकानात किंवा कार्यालयात दोनतीन संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर पासवर्डशिवाय उघडणारे सामायिक फोल्डर अपग्रेडनंतर उघडेनासे होतात, असा अनेकांचा अनुभव आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात या जोडणीचे नियम कडक केले आहेत. सुरक्षा सैल करण्याऐवजी फोल्डर असलेल्या संगणकावर पासवर्डसह एक वापरकर्ता तयार करून त्याच नावाने जोडणी करावी.

संगणक जड वाटत असेल तर पहिले एकदोन दिवस थांबावे. पार्श्वभूमीला अपडेट आणि फाइल्सची शोधसूची तयार होण्याचे काम चालू असते. त्यानंतरही फरक नसेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप ॲप्स’मधील नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत. टचपॅड, आवाज किंवा वायफाय बिघडले असल्यास लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणारी ॲप्स टाकू नयेत.

रूप बदलल्याच्या तक्रारी लवकर मिटतात. स्टार्ट बटण डावीकडे हवे असल्यास ‘पर्सनलायझेशन’मधील ‘टास्कबार’ येथे तो पर्याय आहे. उजव्या क्लिकचा जुना लांब मेनू शिफ्ट दाबून उजवे क्लिक केल्यास मिळतो. २४एच२ पासून वर्डपॅड मात्र राहिलेले नाही. साध्या पत्रांसाठी ते वापरणाऱ्या ज्येष्ठांना लिबरऑफिस हे मोफत लेखन-सॉफ्टवेअर बसवून द्यावे आणि त्यांच्या जुन्या फाइल्स त्यात उघडून दाखवाव्यात.

परत जायचे असल्यास

आठव्या दिवसापर्यंत एखादी अत्यावश्यक गोष्ट चाललीच नाही, तर ‘सिस्टम’मधील ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ हा पर्याय वापरावा. वैयक्तिक फाइल्स राहतात, परंतु अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि केलेले बदल जातात, म्हणून या दिवसांत नवे मोठे सॉफ्टवेअर बसवू नये. हा परतीचा मार्ग सी ड्राइव्हवरील ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरवर अवलंबून असतो. जागा मोकळी करून देणारी ॲप्स तोच फोल्डर आधी पुसतात, तेव्हा दहा दिवस ती चालवू नयेत. सगळे सुरळीत असेल तर विंडोज तो फोल्डर पुढे स्वतःच काढून टाकते. जागेची निकड असल्यास ‘स्टोरेज’मधील ‘टेम्पररी फाइल्स’मधून आधीच्या विंडोजवर खूण करून तो काढता येतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा बॅकअप मात्र निदान एक महिनाअखेरीचा हिशेब नव्या विंडोजवर पूर्ण होईपर्यंत तसाच ठेवावा.