कोपराची आर्थ्रोस्कोपी : नवशिक्या सर्जननी या चुका टाळा

गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीवर (छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेली सांध्याची शस्त्रक्रिया) हात बसला की कोपरही जमेल असं वाटतं. पण जागा इवलीशी आणि तीन मोठ्या नर्व्ह (मज्जातंतू) सांध्याला खेटून. १९३१ मध्ये मायकेल बर्मन यांनी मृतदेहांवर पाहणी करून कोपर दुर्बिणीसाठी नालायकच ठरवलं होतं.

आपल्या इंदूरच्या ओपीडीत येणारं कोपर बरेचदा आखडलेलं असतं. पडल्यावर आधी हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे मालिश, मग कधीतरी आपण. नेमकं तिथेच गणित चुकतं. सलाईन भरून सांधा फुगवला की नर्व्ह हाडापासून दूर सरकतात, हे सगळ्यांना पाठ असतं. निरोगी कोपरात २०-२५ मिली सहज मावतं; आकसलेल्या कॅप्सूलमध्ये (सांध्याभोवतीच्या पिशवीत) कधीकधी १० सुद्धा जात नाही. जोर लावलात तर कॅप्सूल फाटते आणि पाणी बाहेर पसरतं. शिवाय फुगवल्याने नर्व्ह हाडापासून लांब जाते, कॅप्सूलपासून नाही. म्हणून कोपराच्या पुढच्या बाजूची कॅप्सूल काढताना शेवरचं (आतला भाग कापून ओढून घेणाऱ्या फिरत्या पात्याचं) सक्शन बंद ठेवा, पात्याची धार नर्व्हकडे वळवू नका, नर्व्ह बाजूला धरायला रिट्रॅक्टर वापरा. एवढं जमणार नसेल तर सरळ उघडून करा, त्यात कसला कमीपणा?

अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूची) भूल देण्याआधीच, कोपर वाकवून-सरळ करून चाचपा. काहींमध्ये ती वाकवताना पुढे सरकते. पूर्वी तिचं ट्रान्सपोझिशन (शस्त्रक्रियेने जागा बदलणं) झालेलं असेल तर आतल्या बाजूचं पोर्टल (दुर्बिणीचं छिद्र) अंदाजाने करू नका. छोटी चीर घेऊन ती आधी डोळ्यांनी पाहा.

पोर्टलच्या खुणा कातडीवर सूज येण्याआधी काढा. कोपर ९० अंशांत, चीर फक्त कातडीला, पुढे आर्टरी फोर्सेप (चिमटा) आणि बोथट ट्रोकार (नळी आत नेणारी सळी).

मध्येच दिसेनासं झालं की पंपाचं प्रेशर वाढवायचा मोह होतो. तो आवरा. आधी आउटफ्लो (पाणी बाहेर जायची वाट) तुंबलाय का, कॅन्युला (नळी) निसटली का, टूर्निकेट (रक्त रोखणारा दंडावरचा पट्टा) ढिलं पडलं का, ते बघा. कोपर टणक लागायला लागलं तर काम आवरतं घ्या.

भूलतज्ज्ञांना ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) आधीच द्यायचा असतो, पेशंटला आराम म्हणून. मी तरी थांबायला सांगतो. रुग्ण शुद्धीवर आला, मनगट-अंगठा उचलला, बोटं पसरली, की मग खुशाल द्या. नाहीतर हात उचलत नाही तो ब्लॉकमुळे की इजेमुळे, हे रात्रभर कळत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००१ सालच्या ४७३ शस्त्रक्रियांच्या आढाव्यात, इतक्या सरावलेल्या हातांतही, नर्व्हचा तात्पुरता लकवा आढळला होता, कायमचा नाही.

बाहेरच्या बाजूच्या पोर्टलला टाका नीट घाला. तिथे कातडीखाली मांस फारसं नसतं, पाणी पाझरत राहतं.