बटन अळिंबी: कंपोस्टमधला अमोनिया जाईपर्यंत स्पॉन (अळिंबीचे बियाणे) पेरू नका

बटन अळिंबीला फळधारणेच्या वेळी खोलीत 14 ते 18 अंश सेल्सिअस तापमान लागते. एसीशिवाय ते डिसेंबर-जानेवारीत, तेही थंड भागातच जमते. म्हणून 28 दिवसांच्या लांब पद्धतीचा कंपोस्टचा ढीग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागलाच पाहिजे.

300 किलो गव्हाचे काड सिमेंटच्या फरशीवर दोन दिवस पाणी मारून मुरवा. ओलावा 75 टक्क्यांपर्यंत आणा. त्यात गव्हाचा कोंडा 30 किलो, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट 9, युरिया 3.6, म्युरेट ऑफ पोटॅश 3 आणि सिंगल सुपर फॉस्फेट 3 किलो मिसळून पाच फूट रुंद, तेवढाच उंच ढीग रचा. एवढ्यात सुक्या वजनावर 1.5 ते 1.75 टक्के नत्र बसते. वरून आणखी युरिया टाकायचा मोह आवरा, आणि ढीग तापल्यावर तर तो मुळीच देऊ नका. जिवाणूंना न पचलेले नत्र अमोनिया होऊन साठते.

6, 10, 13, 16, 19, 22, 25 आणि 28 व्या दिवशी पलटी द्या. गाभा 70 अंशांपुढे तापतो, कडा थंड नि कोरड्या राहतात, तळाला हवा न मिळाल्याने आंबूस वास सुटतो. त्यामुळे बाहेरचे आत आणि तळाचे वर आलेच पाहिजे. पलटी देताना काडावर राख भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर काम नीट चालले आहे. ते ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू असतात, अमोनिया खाऊन त्याची प्रथिने करतात आणि तेच पुढे अळिंबीचे अन्न होते.

13 व्या दिवशी 30 किलो जिप्सम. त्याने चिकटपणा मोडतो, सामू (पीएच) उतरतो, अमोनिया सल्फेटच्या रूपात धरला जातो. जिप्समच्या जागी चुना चालत नाही, चुन्याने सामू उलट चढतो.

28 व्या दिवशी मूठभर कंपोस्ट दाबा: तळवा ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. मग थोडे पिशवीत बांधून अर्ध्या तासाने उघडा. ढिगाजवळ उभे राहून नाक मरते, पिशवी फसवत नाही. अमोनियाचा वास झोंबला तर दर दोन-तीन दिवसांनी पलटी देत राहा. घाई केलीत तर स्पॉनचे धागे करपतात आणि शाईसारख्या काळ्या विरघळणाऱ्या छत्र्या उगवतात. सामू 7.2 ते 7.8 आणि तापमान 25 अंशांवर आले की कंपोस्टच्या वजनाच्या 0.5 ते 0.75 टक्के स्पॉन पेरा.