लिस्टमधली अनवट शिखरं मारायला निघालात? या चुका टाळा

कळसूबाई (१६४६ मीटर) झालं, साल्हेर (१५६७) झालं, की हल्ली बरेच जण हजार मीटरच्या वरच्या शिखरांची लिस्ट काढतात आणि एकेक खोडायला लागतात. लिस्ट करायला माझी काहीच हरकत नाही, माझीही आहे, वहीत आहे. पण घनचक्कर, मुडा, गवळदेव, कात्राबाई असल्या डोंगरांवर कळसूबाईसारख्या शिड्या नाहीत, बाण नाहीत, पाऊस संपला की गवत कमरेएवढं होतं आणि होती ती वाटही त्यात बुडते. तिथे दर सीझनला लोक त्याच त्याच चुका करताना दिसतात म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक, उतरताना शॉर्टकट म्हणून घळीत, म्हणजे पाण्याने कापलेल्या अरुंद खाचेत शिरणं. वरून बघितलं की घळ सरळ गावाकडे जाताना दिसते, झाडी कमी, कारवीची दाट झुडपं नाहीत, मोकळे दगड, वाटतं अर्ध्या तासात खाली. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे हे शाळेत सगळेच शिकलोय, पण पायाखाली त्याचा अर्थ काय होतो ते लक्षात घेत नाही. टणक थर असतो तिथे उभा कडा, मऊ थर झिजतो तिथे पदर, म्हणजे सपाटसर टप्पा, आणि हे जिन्यासारखं एकाखाली एक चालू. पाणी या जिन्यावरून उड्या मारत खाली जातं. म्हणजे पावसाळ्यात जिथे धबधबा होता तिथेच डिसेंबरमध्ये तुम्ही कोरड्या कातळाच्या टोकावर उभे असता.

आम्ही चौघं कात्राबाईच्या रांगेतल्या एका शिखरावरून कुमशेत गावाच्या बाजूला उतरत होतो. डिसेंबर महिना, माथ्यावर पोचायलाच सव्वातीन झालेले. चढताना सोंडेवरच्या (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) कारवीतून चार तास अंग सोलून घेतलेलं, त्यामुळे परत त्यातून जायची कुणाचीच इच्छा नव्हती. डावीकडे घळ दिसली, खाली कौलं दिसली, फोन म्हणाला गाव नऊशे मीटरवर. शिरलो. पहिला टप्पा पुरुषभर, उडी मारली. दुसरा दहा-बारा फुटांचा, एकमेकांचे हात धरून, बसून घसरत उतरलो आणि तिथेच फसलो. कारण तिसरा टप्पा सरळ पन्नास-साठ फूट, पाण्याने गुळगुळीत झालेला, वर वाळलेल्या शेवाळाचा काळा थर. खाली जाता येईना आणि मागचा दहा फुटांचा टप्पा परत चढता येईना, हाताला धरायला एक खाच नाही. सहाला अंधार. चौघांत मिळून अर्धा लिटर पाणी, एक चिक्कीचं पाकीट. रात्रभर त्या घळीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो, वरून वारा असा काही खाली यायचा की दात वाजायचे थांबेनात. सकाळी एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, उंबराचं एक मूळ हाताला लागलं, त्याला सॅकचे पट्टे जोडून बांधले, आणि तेवढे दहा फूट चढायला चौघांना दीड तास लागला. मग मुकाट सोंडेवर आलो आणि आल्या वाटेने उतरलो. गावात एका मामांना सांगितलं तर ते पाणी देता देता म्हणाले, "त्या घळीत आमच्या शेळ्या बी उतरत नाय, ताई."

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. जिथून खाली उडी मारली तर परत वर चढता येणार नाही, तिथून उडी मारायची नाही. आणि अनोळखी डोंगरावर चढलो त्याच सोंडेने उतरायचं, मग कारवी असो नाहीतर काटे. दोन वाजता जिथे असेन तिथून मी परत फिरते, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. तरुण पोरांना याचा राग येतो, ठीक आहे, येऊ दे.

दुसरी चूक फोनवरच्या नकाशाची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर उंची दाखवणाऱ्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो, म्हणजे पंधरा मीटरची उभी भिंत दोन रेषांच्या मधे अख्खी लपून जाऊ शकते. सॅटेलाइटवरून घेतलेल्या उंचीचे बिंदू सुमारे तीस-तीस मीटरवर असतात, त्यामुळे ॲपमध्ये कडा उतारासारखा मऊ दिसतो. त्यात कुणीतरी मे महिन्यात रेकॉर्ड केलेला ट्रॅक डाउनलोड करून तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाता, आणि निळी रेघ सांगते म्हणून गवतात पाय टाकता. मी आदल्या संध्याकाळी समोरच्या बाजूने डोंगर बघते, कातळाचे पट्टे खालून वर मोजते, सोंड कुठे तुटलीय ते बघून फोटो काढून ठेवते. वेळ जातो, जाऊ दे. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटे थेट चढाई आणि रविवारी दुसरं शिखर, असल्या घाईत हे होत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती घाईच चुकीची आहे.

गावात विचारायचीही पद्धत असते. "मामा, ही वाट वर जाते ना?" असं विचारलं की उत्तर "जाते की" असंच येणार, समोरचा माणूस तुमचं मन मोडत नाही. "तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेलेलात, कुठल्या अंगाने?" असं विचारा. शिखराचं नकाशातलं नाव गावात चालेलच असं नाही, म्हणून बोट दाखवून विचारा. आणि जमेल तेव्हा वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे चहाच्या आधी हातात द्या. ढोरवाट पाण्याकडे आणि चाऱ्याकडे जाते, माथ्याकडे नाही, हे तो पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला दाखवेल.

बाकीच्या चुका पटापट. हाफ पँट नको, करवंदाच्या जाळ्या पोटऱ्या फाडतात. फुलून गेलेली कारवी वाळते, ती धरून चढू नका, काडकन मोडून हातात येते. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्यांच्याखालून जाताना कॉलर वर करा. कड्याला आग्या मोहोळ दिसलं की आवाज, धूर, सेंट काही नको, लांबून वळसा. फेब्रुवारीनंतर वरच्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नका, माणशी चार लिटर खालूनच न्या. माथ्यावर पोचलात की आजूबाजूला बघा, खरा उंच भाग पुष्कळदा शेजारच्या टेकाडावर असतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा बघून परत येणारे कितीतरी जण तारामतीवर, म्हणजे गडाच्या सगळ्यात उंच माथ्यावर, गेलेलेच नसतात.

आणि खुणा. झाडावर कोयत्याने घाव घालू नका, दगडावर पेंट तर अजिबात नको. मी जुन्या लाल साडीच्या चिंध्या नेते, प्रत्येक फाट्यावर एक बांधते, बांधली की मागे वळून तिथून वाट परत कशी दिसेल ते बघून घेते. उतरताना सगळ्या सोडून आणायच्या. निघताना मोजते, आल्यावर मोजते. मागच्या ट्रेकला बावीस बांधल्या, एकवीसच परत आल्या, मग अर्धा तास मागे चढून बाविसावी काढून आणली.