कॉलेजचं नाव नको, मुलं कुठे लागली ते बघा

इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी, म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री किंवा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) जुळवण्याच्या कामासाठी, कुठे शिकावं, हा प्रश्न भाच्याने गणेशचवथीला विचारला. ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, की बारावीनंतर थेट मुंबई? माहितीपत्रकं सगळीच चकचकीत. शेवटी हा उपाय चालला:

१. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडा, 'अ‍ॅलम्नाय'वर (माजी विद्यार्थी) टिचकी मारा.

२. शोधात 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' लिहा, ठिकाण मुंबई निवडा. अशा नोकऱ्या भारतात मुख्यतः तिथेच. पणजीत बसून शोधू नका.

३. दहा-बारा जणांची प्रोफाइल उघडा. आजचं पद सोडा, पदवीनंतरची पहिली नोकरी बघा. मध्ये आयआयएमचं एमबीए किंवा सीए असेल, तर श्रेय त्याला, पदवीच्या कॉलेजला नव्हे. भाच्याच्या यादीत असे बरेच निघाले. मग घराजवळची स्वस्त पदवी आणि सोबत कॅटची (एमबीए प्रवेश परीक्षा) किंवा सीएची तयारी, हा हिशेबही वाईट वाटेना. साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट पदवीनंतरचं आहे, तेही असंच तपासा.

४. दोघा-तिघांना दोन ओळींचा नम्र निरोप टाका. एखादा तरी उत्तर देतो, गोंयकार असेल तर हमखास!

एक सांभाळा: पदापुढे 'ऑपरेशन्स' असेल तर काम बहुधा व्यवहारांच्या नोंदी आणि पूर्ततेचं असतं. नोकरी चांगलीच, पण कंपन्यांची खरेदी-विक्री किंवा आयपीओ जुळवण्याचं काम ते नव्हे. माहितीपत्रकात दोन्ही एकाच नावाखाली मोजलेली सापडतात.